साडेतीन लिटर तेल

लॉस एंजेलिसहून लास वेगासला जाणाऱ्या 15 नंबरच्या हमरस्त्यावर बेकर नावाचं टिचभर गाव आहे. पेट्रोल पंप, खाण्यापिण्याची चार ठिकाणं आणि त्यांच्या डोक्यावर उभा असलेला 134 फूट उंचीचा थर्मामीटर. जवळच्या डेथ व्हॅलीत 10 जुलै 1913 रोजी 134 अंश फॅरनहाइट, म्हणजे 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्याच्या नावाने हा खांब, अंशाला एक फूट या हिशेबाने. गाव मागे पडलं की रस्ता चढायला लागतो आणि हॅलोरन समिट येईपर्यंत दम घेत नाही. अंतर 27 किलोमीटरच्या आसपास, चढण 900 मीटरच्या वर. आपल्याकडच्या घाटासारखी नागमोडी वळणं नाहीत, त्यामुळे आपण किती चढतोय हे कळतच नाही. कळतं ते इंजिनला. गाडी तापू नये म्हणून एसी बंद ठेवा, अशा पाट्या सरकारनेच लावल्या आहेत.

अण्णांच्या व्हॅनला ही पाटी लागू नाही. तिला एसी नाही. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, पाणीच नाही. 1976 सालची फोक्सवॅगन, हनोव्हरच्या कारखान्यात बनलेली. आतला पलंग, ओटा आणि छपराचा तंबू वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कंपनीने बसवलेला. अण्णा मूळचे सांगलीचे, उमेदीची वर्षं अमेरिकेत मशीन डिझाइनमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली. कोणाच्या तरी गॅरेजात बरीच वर्षं धूळ खात पडली होती. पत्रा चांगला होता, रंग बरा होता, इंजिन एका हाकेला उठलं. पहिल्याच उन्हाळ्यात वाळवंटात नेली आणि तेलाच्या तापमानाचा काटा चढत गेला. मग दोन वर्षं अण्णा-वहिनी या नवरा-बायकोचा दिनक्रम त्या काट्याभोवती फिरत राहिला.

पाणी नसलेलं इंजिन थंड कसं राहतं, हे जुनी चेतक स्कूटर चालवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाजूचं झाकण काढलं की आत पत्र्याचं आवरण दिसायचं. फ्लायव्हीलवरच्या पंख्याचा वारा त्या आवरणातून थेट सिलिंडरच्या पात्यांवर जायचा. अण्णांच्या व्हॅनमध्ये तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर आहे. मागच्या बाजूला, सामानाच्या खाली, चार सिलिंडरचं आडवं इंजिन. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. पंखा बाहेरची हवा आत खेचतो, पत्रे ती हवा सिलिंडर आणि हेडवर वळवतात, तापलेली हवा खाली रस्त्याकडे निघून जाते. चेतकला तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं, जळून जायचं. इथे मात्र तेल चेंबरमध्ये राहतं, फिरतं आणि फिरता फिरता पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांच्याकडची उष्णता गोळा करतं. वाऱ्याच्या वाटेत एक छोटा ऑइल कूलर बसवलेला असतो, तिथे ती सोडतं. हे सगळं करायला अण्णांच्या इंजिनात तेल आहे साडेतीन लिटर. त्याआधीच्या 1600 सीसी इंजिनात तर अडीचच लिटर असे आणि कागदी फिल्टरही नसे, नुसती जाळी.

या व्हॅनची कल्पना बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याची. त्याने 23 एप्रिल 1947 रोजी वहीत एक चौकोनी डबा काढला: ड्रायव्हर पुढच्या टोकाला, इंजिन मागच्या टोकाला, मध्ये माल. 1950 साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या तेव्हा इंजिन होतं 1131 सीसीचं, ताकद 25 अश्वशक्ती. पाव शतकानंतर अण्णांच्या मॉडेलमध्ये ते 2 लिटर झालं आणि ताकद 70च्या घरात गेली. गाडी जड झाली, आत संसार आला, बाहेर हमरस्ते आले. डबा मात्र डबाच राहिला, वाऱ्यापुढे भिंतीसारखा उभा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद घनाने. ताशी 90 ऐवजी 110ने गाडी हाकली तर हवेशी झुंजायला लागणारी ताकद 1.8 पटीने वाढते. वेग तेवीस टक्क्यांहून कमी वाढलेला असतो. व्हॅनचं तेल तापण्याचं निम्मं उत्तर या एका आकड्यात आहे, आणि ते ऐकायला कोणालाच आवडत नाही, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नाही.

बेकरच्या चढणीचा हिशेब अण्णांनी मला कागदावर करून दाखवला. भरलेली गाडी 2 टनांची धरा. ती 900 मीटर वर उचलायची, तासाला 65 किलोमीटरच्या बेताने गेलं तर पंचवीस मिनिटांत. नुसत्या उचलण्यालाच सोळा अश्वशक्ती सतत लागते. हवा आणि टायर यांचं वेगळं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीचे तीन हिस्से धुराड्यातून, पात्यांवरून आणि तेलातून बाहेर काढायचे. सपाट रस्त्यावर इंजिनला मधूनमधून विसावा मिळतो. इथे पंचवीस मिनिटं विसावा नाही, आणि पंखा जी हवा ओढतोय तीच चाळिशीच्या पुढची. बाहेरची हवा दहा अंशांनी तापली की तेलही ढोबळमानाने तेवढंच वर सरकतं.

तेल तापून बिघडतं काय? पहिली गोष्ट, ते पातळ होतं. 20डब्ल्यू-50 हे या गाड्यांत सर्रास वापरलं जाणारं तेल. त्यातला 50 हा आकडा 100 अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीवरून येतो. तेच तेल 120 अंशांवर गेलं की जाडी तिसऱ्या हिश्श्याने तरी उतरते. बेअरिंगमध्ये धातूला धातू लागू न देणारा जो पापुद्रा असतो, तो तेवढा विरळ होतो. प्रेशर खाली येतं, चढ संपून गाडी थांबली की लाल दिवा मिणमिणायला लागतो. दुसरी गोष्ट, गरम तेल लवकर सडतं. दर दहा अंशांना सडण्याचा वेग दुप्पट, हा तेलवाल्यांचा जुना ठोकताळा. तेल 95 ते 110 अंशांत असेल तर निश्चिंत राहावं, 115ला पाय उचलावा, 120च्या वर रेंगाळू देऊ नये, असा अण्णांचा नियम. त्याच्या उलट, ते 80च्या खालीच राहिलं तरीही नुकसान. इंजिनात जमणारी पाण्याची वाफ आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही, काळा गाळ साचतो. तेल जितकं थंड तितकं बरं, असं मानून चालणारे लोक हे विसरतात.

काटा चढायला लागल्यावर अण्णांनी जे केलं ते कोणीही करील. बाहेरचा मोठा ऑइल कूलर आणला, त्याला विजेचा पंखा जोडला, गाडीच्या पोटाखाली होज फिरवले. त्याने भागेना म्हणून चेंबरच्या खाली जादा तेलाचा डबा बसवून घेतला. तेल वाढलं की तापायला वेळ जास्त लागतो, एवढंच. उष्णता बाहेर टाकण्याची वाट रुंद होत नाही. बेकरच्या चढावर पूर्वी जो काटा अर्ध्यात 120 गाठायचा तो आता तीन चतुर्थांश वाटेवर गाठायला लागला. शिवाय डबा रस्त्याला घासायचा. पैसे बरेच गेले.

या काळातली वहिनींची वही मी चाळली. ठिकाण, बाहेरचं तापमान, वेग, गियर, तेल, असे रकाने, पेन्सिलीने आखलेले. एका पानावर फक्त एवढंच: "चहाच्या पातेल्यात नको असं सांगितलं होतं." त्याची हकिकत अशी. गेजवर भरवसा ठेवावा की नाही, असा प्रश्न अण्णांना पडला. तेलाचं तापमान टिपणारा सेंडर त्यांनी काढला, तारेला जोडून उकळत्या पाण्यात बुडवला आणि काटा कुठे जातो ते बघितलं. समुद्रसपाटीजवळ पाणी 100ला उकळतं. काटा 104 दाखवत होता. चार अंशांची थाप. म्हणजे 125 दिसतंय तेव्हा खरं 121. समाधान मानावं इतका फरक नव्हता, पण मोजायचं साधन आधी मोजून घ्यावं ही अक्कल बाजारातल्या कुठल्याही कूलरपेक्षा स्वस्त होती. पातेलं बदलावं लागलं.

शेवटी गाडी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेली. हा मेक्सिकोतल्या पुएब्लाचा. तिथे फोक्सवॅगनचा कारखाना आहे. मागे इंजिन असलेली शेवटची बीटल तिथूनच जुलै 2003मध्ये बाहेर पडली. मेक्सिकोत बीटलला लाडाने 'व्होचो' म्हणतात आणि व्होचो दुरुस्त करत वाढलेल्या माणसाला हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं अप्रूप नसतं. त्याने कूलरकडे पाहिलंही नाही. इंजिन चालू करायला लावलं, मागचं झाकण उघडलं आणि सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाची एक पट्टी फाडून इंजिनाच्या पत्र्याच्या कडेकडेने फिरवायला लागला. डाव्या कोपऱ्यात पट्टी फडफडत वर उडाली. तिथे त्याने अण्णांचा हात धरून नेला. खालून गरम झोत येत होता.

इंजिनाभोवतीचा पत्रा आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये रबराची एक जाड पट्टी असते. तिचं काम एकच: पत्र्याच्या वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा एकमेकींना भेटू न देणं. वर पंखा हवा ओढत असतो, खाली सिलिंडर, धुराडं आणि सायलेन्सर भट्टीसारखे तापलेले असतात. रबर वाळून तुटलं की पंखा खालची उष्ण हवा परत वर ओढतो आणि तीच पुन्हा सिलिंडरवर मारतो. अण्णांच्या गाडीतलं रबर तीन ठिकाणी गळून गेलं होतं. स्पार्क प्लगच्या वायरी जिथे पत्र्यातून आत जातात तिथल्या टोप्या दोन नव्हत्या. आधीच्या कोणी तरी केलेल्या कामात पत्र्याचा एक छोटा तुकडा परत बसवलाच गेला नव्हता. त्याला पाच स्क्रू, त्यामुळे कंटाळा आला असावा. एकेक भोक रुपयाएवढं किंवा वीतभर. वाऱ्याला तेवढं पुरतं, तो सोप्या वाटेने निसटतो आणि अवघड वाटेवरच्या हेडला काहीच मिळत नाही.

मग त्याने इंजिन खाली उतरवलं. या गाड्यांचं इंजिन उतरवणं आपल्याला वाटतं तितकं जिकिरीचं नाही. मोजके बोल्ट, दोन-चार वायरी, एक जॅक. सिलिंडरवरचा पत्रा उचलला आणि खाली उंदराचं घरटं. सीटमधला काथ्या, कापसाचे पुंजके, कुरतडलेला नकाशा, सगळं तेलकट धुरळ्यात मळून डाव्या बाजूच्या दोन सिलिंडरच्या पात्यांमध्ये घट्ट बसलेलं. गाडी उभी होती त्या वर्षांत तिथे पिढ्या नांदल्या असणार. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरने ते उपसलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि अण्णांना म्हणाला, "हा घ्या तुमचा ऑइल कूलर."

अण्णांनी तो पुडा महिनाभर जपून ठेवला होता. वहिनींनी फेकला.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अशा घरट्याचा, अशा तुटक्या रबराचा बोभाटा तेलाच्या काट्यावर होतो, आणि म्हणून माणूस तेलाच्या मागे लागतो. तेल बिचारं शेवटी बातमी देणारं. आधी हेड तापतं, सिलिंडर तापतात, मग त्यांच्याजवळून वाहणारं तेल तापतं. फोक्सवॅगनच्या इंजिनिअरांनाही हा धडा स्वतःच्या इंजिनावर शिकावा लागला. जुन्या 1600 सीसी इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या डब्यात अशा जागी उभा होता की तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरकडे जाणारा वारा त्याच्या आडून, तापून जायचा. तेल छान थंड, आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतोय! कंपनीने डिस्ट्रिब्यूटरमध्ये त्या एका सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे ठेवून वेळ मारून नेली. 1971च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला, त्याच्यासाठी वाऱ्याची वेगळी वाट काढली, तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

इंजिन खाली होतंच म्हणून बाकीचंही बघून घेतलं. पंख्याच्या वाटेत झडपा असतात. इंजिन गार असताना त्या वारा अडवतात, इंजिन तापलं की थर्मोस्टॅट केबलच्या आधाराने त्या उघडतो. अण्णांच्या गाडीत केबल पुलीवरून घसरली होती, झडपा अर्धवट उघडत होत्या. हौशी मंडळी झडपाच काढून टाकतात, कायमचा वारा मिळावा म्हणून. मग थंडीच्या सकाळी इंजिन अर्धा तास गारठलेलं चालतं, आणि झीज होते ती त्याच वेळी. सक्शनच्या रबरी नळीला चीर होती. पेट्रोल इंजेक्शनच्या या इंजिनात मोजमाप चुकवून हवा आत शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि असं कोरडं मिश्रण जास्त तापतं. ठिणगीचं टायमिंग त्याने आयडलला न बघता इंजिन चढवून, पूर्ण अ‍ॅडव्हान्सला पाहिलं, 28 अंशांच्या आसपास. ते मागे असेल तर आग धुराड्याच्या दारापर्यंत जळत राहते. फार पुढे असेल तर हेड ठोकायला लागतं. दोन्हींचं बिल तेलावर फाटतं. अण्णांच्या गाडीचं तेवढं ठीक होतं.

मेकॅनिकने एकच नवी वस्तू घ्यायला लावली: हेडचं तापमान दाखवणारा काटा. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखी एक कडी बसते, तिच्या दोन तारा पुढे गेजपर्यंत. आता डॅशबोर्डवर दोन काटे आहेत आणि ते एका सुरात बोलत नाहीत.

हे मी चढणीवर बघितलं. मे महिना, बाहेर 38 अंश. बेकर सोडताना तेल 101वर. अण्णा चौथ्या गियरमध्ये, ताशी 80च्या पुढेमागे. चढ वाढला तसा गाडीचा आवाज जड झाला, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकत चालला. हेडचा काटा भराभर चढला. तेलाचा जागचा हलेना. मला वाटलं, सगळं उत्तम चाललंय.

"तेलाकडं बघू नका आता," अण्णा म्हणाले, "ते पाच मिनिटांनी बोलणार. हेड बघा."

त्यांनी तिसरा टाकला. इंजिन किंचाळायला लागलं, वेग 70वर आला. माझ्या मनात आलं, इतक्या आवाजाने इंजिन जास्तच तापेल. हेडचा काटा मिनिटाभरात खाली यायला लागला. कारण सरळ आहे. पंखा इंजिनाच्या शाफ्टवरच बसवलेला आहे. इंजिन जितकं वेगात फिरेल तितका वारा जास्त. चौथ्यात रखडत चढताना दर ठोक्याला दम जास्त लागतो आणि वारा कमी मिळतो. आपल्याकडे बोरघाटात ट्रकवाले खालच्या गियरमध्ये निवांत चढतात, त्यामागे हीच अक्कल. तेल मात्र सावकाश चढत राहिलं, कारण फेरे वाढले की आतलं घर्षण वाढतं आणि ते तेलाच्याच अंगावर येतं. 109पर्यंत गेलं. अण्णांनी वेग आणखी 5ने उतरवला, तसा मागच्या ट्रकने हॉर्न दिलाच. हॅलोरनच्या माथ्यावर 110. पलीकडच्या उतारावर पाय काढला, गाडी गियरमध्येच ठेवली. पंखा फिरतोय, पेट्रोल जेमतेम, फुकटचा वारा. काही मिनिटांत काटा शंभराच्या खाली.

वहिनी म्हणाल्या, "आता लिहू की नको? रोज तेच येतंय."

इतक्या किरकोळ इंजिनांनी एके काळी आशिया खंड ओलांडला हे आठवलं की गंमत वाटते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर खिंड, लाहोर, दिल्ली करत कित्येक फोक्सवॅगन व्हॅन गोव्याला आल्या. हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या या गाड्या लोकांनी पाहिलेल्या आहेत. 1979 साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद झाली. इराणच्या मिठागरी वाळवंटातून आणि कंदाहारच्या उन्हातून अडीच लिटर तेलावर या गाड्या निघाल्या, त्यांच्या पोटाखाली कूलर नव्हते. बऱ्याच ठिकाणी रस्तेच असे होते की वेगाने जायची सोय नव्हती, आणि पोचायची घाईही कोणाला नव्हती. जॉन म्युअर नावाच्या इंजिनिअरने 1969 साली फोक्सवॅगन स्वतः कशी दुरुस्त करावी याचं पुस्तक काढलं, अगदी अडाण्यालाही कळेल अशा भाषेत आणि व्यंगचित्रांसह. ते कित्येकांनी सोबत ठेवलं. विम्याचा आधार नसला की माणसं रबर, बेल्ट आणि टॅपेट यांच्याकडे लक्ष देतात.

बाहेरचा कूलर निव्वळ फसवणूक असतो असं मला म्हणायचं नाही. इंजिन मोठं करून घेतलं असेल, गाडी कायम वाळवंटात भरलेली चालत असेल, तर तो घ्यावा. पण थर्मोस्टॅटसह, म्हणजे तेल तापल्याशिवाय तिकडे वळणार नाही. आणि होजचे जोड दर खेपेला चाचपावेत. साडेतीन लिटर तेल फुटलेल्या जोडातून सांडायला वेळ लागत नाही, आणि मग तापमानाचा प्रश्न उरत नाही. खुद्द कंपनीने 1982च्या सुमारास युरोपातल्या व्हॅनला पाण्याचं इंजिन दिलं. धुराचे नियम आणि गिऱ्हाइकाच्या अपेक्षा दोन्ही वाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. ब्राझीलमध्ये मात्र हवेवरची कोम्बी 2005च्या अखेरपर्यंत बनत होती, आणि ब्राझील काही थंड हवेचं ठिकाण नव्हे.

दर 5000 किलोमीटरला अण्णा तेल बदलतात आणि त्याच दिवशी, इंजिन पूर्ण गार असताना, टॅपेट बघतात. हे काम ते मेकॅनिकलाही करू देत नाहीत. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधली फट मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. फीलर गेजची पात तिच्यातून किंचित घासत गेली पाहिजे. हेड सतत जास्त तापत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ताणला जातो किंवा त्याची बैठक धसते, आणि फट दर खेपेला कमी होत जाते. त्या दोन वर्षांत डाव्या बाजूच्या दोन्ही एक्झॉस्टची फट दर वेळी आवळलेली सापडायची. अण्णा ती सैल करून ठेवायचे आणि कूलरचे कॅटलॉग बघायला बसायचे. उंदीर गेल्यापासून फट जिथल्या तिथे आहे.

बाहेरचा कूलर त्यांनी काढून टाकलाय. पंखा, होज, थर्मोस्टॅट, सगळं खोक्यात भरून ठेवलंय, विकायचा विचार आहे. घ्यायला येणाऱ्याला आधी इंजिनचं रबर तपासायला सांगणार का, असं मी विचारलं.

"सांगणार तर," अण्णा म्हणाले. "पण तो ऐकणार नाही. मी ऐकलं होतं होय?"